आठवणदादा आणि तपकिरी कुत्रा

फर्निचरचं ते जुनं गोदाम माणसांनी गच्च भरलं होतं. खुर्च्या कधीच संपल्या होत्या. मागचे लोक भिंतीला टेकून, खांबांना धरून, एकमेकांच्या खांद्यांवरून माना उंच करून पाहत होते. पुढे लाकडी चौथऱ्यावर आठवणदादा उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, अनवाणी पाय आणि हातात रंगाऱ्याकडे असतो तसला एक रुंद, मऊ कुंचला. त्यांच्यासमोर स्टुलावर एक तरुण डोळे मिटून बसला होता. आठवणदादा त्याच्या कपाळावरून कुंचला फिरवत होते आणि अख्खं गोदाम श्वास रोखून बघत होतं.

"धूर डोक्यात जातो," आठवणदादा म्हणाले. "धूर गेला की मेंदूवर काजळी धरते. आणि काजळीच्या खाली काय असतं? आठवण! आठवण मरत नाही, बाळांनो, ती झोपते. डॉक्टर म्हणतात, पेशी गेल्या. पेशी कुठे जातील? सुट्टीवर?"

लोक खळखळून हसले.

"मी कोण? मी नुसता झाडणारा. काजळी झाडतो, फ्रिक्वेन्सी जुळवतो. माल तुमचाच, गोदाम तुमचंच. बोल बाळा, काय दिसतंय?"

"दार," तो तरुण पुटपुटला. "हिरवं दार. शाळेचं. बाबा मला सोडायला आलेत." आणि तो ओक्साबोक्शी रडायला लागला.

पहिल्या रांगेतून त्याचे वडील उठले. "हिरवंच होतं! हिरवंच दार होतं हो!" असं म्हणत त्यांनी मुलाला मिठी मारली. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्र्याचं छप्पर दणाणलं. माझ्या शेजारी उभी असलेली मावशी पदराने डोळे पुसत म्हणाली, "बघ! आता तरी बघ!"

मी बघतच होते. टाळी मात्र माझ्या हातून वाजली नाही. मी काही फार मोठी शहाणी आहे अशातला भाग नाही. आठवणी मोजणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि धंद्यातल्या माणसाला दुसऱ्याच्या दुकानातला तराजू आधी दिसतो.

विद्यापीठाच्या इमारतीत, तळमजल्यावर, एका बिनखिडकीच्या खोलीत मी काम करते. शौक म्हणून नेहमी गांजा ओढणाऱ्यांच्या स्मरणशक्तीवर आणि विचारशक्तीवर काय परिणाम होतो, हा आमच्या संशोधनाचा विषय. समोर माणूस बसतो, मी त्याला पंधरा साधे शब्द वाचून दाखवते, मग अर्धा तास त्याला आकडे जुळवायला, चित्रं ओळखायला लावते, आणि मग विचारते, "मघाचे शब्द कोणते होते?" समोरचा ओढणारा आहे की न ओढणारा, हे मला मुद्दाम सांगितलेलं नसतं, नाहीतर माझा आवाजच एखाद्याला मदत करून बसेल. आणि तोच माणूस पुन्हा आला तर शब्द बदलायचे, हा पहिला धडा. तेच शब्द ठेवले तर स्मरणशक्ती नाही, पाठांतर मोजलं जातं.

दिवसभर माणसं येतात, आठवतं तेवढं सांगतात, बसभाड्याचे पैसे घेऊन जातात. त्यांच्याशी गप्पा मारायला मनाई आहे. संध्याकाळी मी घरी जाते, दिवा लावते आणि एकटीच जेवते. आई गेल्यापासून हे असंच चाललंय. मला कंटाळा येतो असं कुणी म्हटलं तर मी कबूल करत नाही, पण येतो.

आठवणदादांच्या गोदामात मी गेले ती धाकट्यामुळे. धाकटा म्हणजे माझा भाऊ. लिफ्टचा मेकॅनिक, आणि हातात खरी कला असलेला. मोटरचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा. पण कॉलेजात असताना लागलेला गांजाचा धूर सुटला नाही. आधी रविवारी, मग रोज संध्याकाळी, मग सकाळी चहाच्या आधी. हळूहळू त्याला गोष्टी आठवेनाशा झाल्या. घेतलेला निरोप, ठेवलेली पकड, दिलेला शब्द. दुरुस्तीच्या वेळी दाराच्या कुलपाला एक तात्पुरती तार जोडतात, म्हणजे दार उघडं असतानाही लिफ्ट हलवून बघता येते. काम झालं की ती तार काढायची. धाकटा काढायला विसरला. चौथ्या मजल्यावर एक बाई पाय टाकायला आणि लिफ्ट वर जायला एकच गाठ पडली. त्यांनी पाय मागे घेतला म्हणून वाचल्या, नशीब त्यांचं. धाकट्याची नोकरी गेली.

माझं त्याने कधी ऐकलं नाही. "ताई, तुझ्याकडे आलो की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं," असं म्हणून फोन ठेवायचा. मावशीचं मात्र ऐकलं. मावशीने त्याला आठवणदादांकडे नेलं आणि तो तिथे महिनाभर राहायला तयार झाला. तिथली अट एकच होती, आवारात धूर वर्ज्य. मी म्हटलं, कुंचला फिरवा नाहीतर झाडू फिरवा, पोरगा महिनाभर थांबतोय ना, मग झालं.

आणि फरक पडला, हे मी आधीच सांगून टाकते. चौथ्या आठवड्यात मी भेटायला गेले तेव्हा त्याचे डोळे स्वच्छ होते. मी काय विचारलं ते त्याच्या लक्षात राहत होतं. मावशीचा आनंद गगनात मावेना.

"आता बोल!" ती मला म्हणाली. "तुझ्या त्या मशीनला जमलं असतं का हे?"

"आमच्याकडे मशीन नाहीये गं. टेबल आहे आणि दोन खुर्च्या."

"तेच ते! टेबलाने कुणाला आठवतं का?"

मी तिला समजावलं, की नेहमी ओढणारे बरेच लोक महिनाभर थांबले की आमच्याकडेही त्यांचे शब्द वाढतात. सगळ्यांचे सारखे वाढत नाहीत आणि सगळं परत येतं असंही नाही, पण वाढतात. त्यांच्या कपाळावर कुणी काही फिरवलेलं नसतं. मावशी म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच आहेस," आणि विषय संपला.

आठवणदादांचीही एक परीक्षा होती. माणूस आला की पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर त्याला शब्दांची माळ ऐकवायची. नदी, चावी, लिंबू, शिडी, घोडा अशी. त्याला चारपाच आठवायचे. महिन्याच्या शेवटी पुन्हा चौथऱ्यावर बसवायचं, तीच माळ ऐकवायची, आणि तो पठ्ठ्या धडाधड सगळे म्हणून दाखवायचा. लोक बेभान व्हायचे. धाकटा माझ्याशी बोलता बोलता बुटाची नाडी बांधत एक चाल गुणगुणत होता, आणि मी कान टवकारले.

"काय म्हणतोयस?"

"हे? ही आमची सकाळची प्रार्थना. नदी, चावी, लिंबू, शिडी..."

मला हसू आवरेना. रोज सकाळी अख्खी प्रश्नपत्रिका सामुदायिक चालीवर म्हणून घ्यायची, आणि महिन्याने निकालाला चमत्कार म्हणायचं! पण धाकटा हसत नव्हता. तो काहीतरी सांगायची वाट बघत होता.

"ताई, मला आठवलं," तो म्हणाला.

"काय?"

"आई गेली तो दिवस."

आई गेली त्या आठवड्याचं धाकट्याला काहीच आठवत नाही, हे त्यानेच मला पूर्वी सांगितलं होतं. कुठल्यातरी मित्राच्या खोलीवर पडला होता. फोन लागत नव्हता. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या दुपारी दवाखान्यात आईजवळ मी एकटी होते. ती दुपार माझ्याशिवाय जगात कुणाकडेच नाही, आणि अशी गोष्ट एकट्याने बाळगणं किती अवघड जातं, ते मी कुणाला कधी सांगितलेलं नाही.

"मी होतो तिथे, ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "दादांनी मागच्या आठवड्यात काजळी झाडली आणि सगळं समोर आलं. खिडकीपाशी पलंग होता. ऊन चादरीवर आलं होतं. आईचा हात माझ्या हातात होता. गार होता, पण तिने दाबला. तू दाराशी उभी होतीस. आठवतं का तुला?"

खरं सांगते, मला ते हवं होतं. इतकं हवं होतं, की थोडा वेळ मी माझा धंदा, माझं शिक्षण, माझी बिनखिडकीची खोली, सगळं विसरले. म्हटलं, असेलही. मी रडत होते, गोंधळले होते, तो येऊन गेला असेल आणि मलाच आठवत नसेल. एवढ्या वर्षांनी त्या खोलीत माझ्याबरोबर कुणीतरी होतं. मी धाकट्याचा हात धरला आणि आम्ही दोघंही रडलो.

बसमध्ये बसल्यावर डोकं जागेवर आलं. पलंग खिडकीपाशी नव्हता.

आदल्या दिवसापर्यंत होता. त्या सकाळी खिडकीची कडी निखळली, थंड वारा सरळ आईच्या अंगावर येऊ लागला, म्हणून आयाबाईंनी आणि मी मिळून पलंग ओढत आतल्या भिंतीशी, हात धुवायच्या बेसिनजवळ आणला. ऊन तिथे पोचत नव्हतं. हे मला माहीत आणि आयाबाईंना. मावशी आदल्या संध्याकाळी भेटून गेली होती, तिने खिडकीपाशीच पाहिला, आणि तेव्हापासून ती सगळ्यांना तसंच सांगत आली आहे. "खिडकीपाशी ऊन खात गेली माझी ताई," असं. ऐकायला बरं वाटतं, म्हणून मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

म्हणजे धाकट्याच्या आठवणीत मावशीची चूक होती. जी गोष्ट मेंदूत मुळात नोंदलीच गेली नाही, ती कुठल्याही कुंचल्याने झाडून वर येत नाही. बाहेरून मात्र आत घालता येते. दुसऱ्याची चूक आत गेली होती, म्हणजे ती बाहेरूनच गेली होती. प्रश्न एवढाच, की मावशीच्या तोंडून ती आठवणदादांच्या कानात कशी गेली.

हे सगळं मनात ठेवून मी गप्प बसले असते. त्याला आई मिळाली होती, मला सोबत मिळाली होती, कुणाचं काय बिघडत होतं? पण त्याच संध्याकाळी धाकट्याचा फोन आला.

"ताई, येत्या रविवारी माझं कवच!"

"कसलं कवच?"

"महिना पुरा झाला की दादा कानामागे तेल लावतात. ते लागलं की धूर आत शिरतच नाही. मग शौक केला तरी आठवणीला धक्का नाही. मी रोज नाही ओढणार गं, कामावरून आल्यावर फक्त. आणि ऐक, कंपनीवाले परत घेतायत मला! सोमवारपासून लिफ्टवर!"

मी रिसिव्हर धरून उभी राहिले. धाकटा सुधारला होता तो धूर सोडल्यामुळे, आणि त्याला पटवलं जात होतं की तो कुंचल्यामुळे सुधारला, म्हणून आता धूर चालेल. पुन्हा तो ती तार लावणार होता आणि पुन्हा विसरणार होता. या खेपेला पाय मागे घेणारं कुणी असेलच असं नाही, आणि लिफ्टच्या खाली तो स्वतःही असू शकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रजा टाकून गोदामात गेले. मागच्या बाजूला एक ऐसपैस खोली होती. तिथे नातेवाइकांना बसवून चहा द्यायचे. चहा देणाऱ्या काकू मोठ्या प्रेमळ. आपल्या शेजारी बसतात, पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "दमलात ना? बसा. कसा होता हो तो लहानपणी?" एवढं विचारलं की माणूस सुटलाच. मी तासभर बसून पाहिलं. कुणाच्या आया बोलत होत्या, कुणाच्या बायका बोलत होत्या. शाळा, आजी, मोडलेली सायकल, पहिला पगार. काकू मध्ये फक्त "अगंबाई!" आणि "मग?" एवढंच म्हणत होत्या. मग कप गोळा करून त्या आत जात, आणि आतलं दार सरळ आठवणदादांच्या खोलीत उघडत होतं.

इथे मला आमच्या खोलीतला एक नियम आठवला. संशोधनात कधी कधी माणसाला थोडं फसवावं लागतं, नाहीतर खरं कळत नाही. पण फसवलंत, तर तो उठून घरी जायच्या आत त्याला सगळं सांगायचं. काय खोटं होतं, का होतं, कुणी केलं. त्याला राग आला तर तो ऐकून घ्यायचा. हा नियम पाळायची तयारी ठेवून मी काकूंकडे वळले.

"धाकट्याचा एक कुत्रा होता," मी म्हणाले.

"अगंबाई! मग?"

"शाळेतून येताना त्याच्या मागे मागे आला. तपकिरी. डावा कान फाटलेला. धाकट्याने त्याचं नाव बटण ठेवलं होतं. जिन्याखाली राहायचा. एक दिवस नाहीसा झाला, आणि हा फाटकाशी उभा राहून रडला. आता त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही, बिचाऱ्याला."

काकूंचे डोळे पाणावले. आमचा कुत्रा नव्हता. कधीच नव्हता. आईला दमा होता, केसाळ काही घरात आलं की ती धापा टाकायची. कुत्रा सोडाच, आमच्याकडे लोकरीचा स्वेटरसुद्धा नव्हता.

रविवारी सकाळी गोदाम ओसंडून वाहत होतं. धाकटा नवा शर्ट घालून स्टुलावर बसला. नदी-चावी-लिंबू झालं, टाळ्या झाल्या. मग आठवणदादांनी कुंचला उचलला.

"कवचाच्या आधी शेवटची काजळी," ते म्हणाले. "फार खोल आहे. थांबा, फ्रिक्वेन्सी लागू दे. हां. शाळा सुटली आहे. तू चालतोयस. मागे कुणीतरी येतंय. मी सांगणार नाही. तूच बघ. पाय मोज."

धाकट्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चार?"

"तू म्हणालास, मी नाही! चार पाय. आता रंग बघ. मातीचा आहे?"

"तपकिरी," धाकटा म्हणाला. "कुत्रा. कुत्रा आहे!"

"कानाकडे बघ, बाळा."

"फाटलाय. डावा." त्याचा श्वास जोरात चालायला लागला. "मी त्याला डब्यातलं देतोय. त्याच्या अंगाला ओल्या पोत्याचा वास येतोय. त्याचं नाक माझ्या तळव्याला लागतंय."

डबा मी काकूंना सांगितला नव्हता. पोत्याचा वासही नाही, नाकही नाही. ते सगळं धाकट्याने स्वतःचं घातलं होतं, मनापासून, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मी केलेल्या खोट्याला वास आला होता. मी उठून उभी राहिले.

"थांबा," मी म्हणाले. "हा कुत्रा कधी नव्हताच."

आठवणदादा हसले. "ताई आहेत ना या? बसा ताई. दुसऱ्याच्या आनंदात मध्ये बोलू नये."

"आमच्याकडे कुत्रा नव्हता. परवा चहाच्या खोलीत बसून मी तो तयार केला आणि काकूंना सांगितला. तपकिरी रंग माझा, फाटका कान माझा. मला बघायचं होतं की तो इथपर्यंत कसा येतो."

गोदामात कुजबुज झाली. आठवणदादांनी कुंचला छातीशी धरला. "लोकहो, काजळी फक्त ओढणाऱ्याच्या डोक्यात नसते. जवळच्यांच्याही असते. ताईच विसरल्या आहेत!"

लोक हसले, आणि ते माझ्यावर हसले. मी मावशीकडे वळले. ती पहिल्या रांगेत बसली होती, कवचाची तेलाची वाटी तिच्याच हातात दिली होती.

"मावशी, तू सांग. आपल्या घरी कुत्रा होता?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग आठवणदादांकडे. तिची मोठी पंचाईत झाली होती. पण माझी मावशी भोळी आहे, खोटी नाही. ती हळूच म्हणाली, "कुत्रा कसा असेल? तुझ्या आईला दमा होता. मी मांजराला हात लावून आले तरी ती मला अंघोळ करायला लावायची."

हसू थांबलं.

"इथे बसलेल्यांपैकी," मी विचारलं, "असं कुणी आहे का, ज्यांनी काकूंना काही न सांगता दादांकडून काही परत मिळवलं?"

मग हिरव्या दारवाले वडील उभे राहिले. "दाराचं मीच सांगितलं होतं काकूंना," ते म्हणाले. "माझ्या डोक्यातच नाही आलं." आणि ते खाली बसले.

"आज फ्रिक्वेन्सी बिघडवली यांनी," असं म्हणून आठवणदादा आतल्या दाराने निघून गेले. काही लोक उठले. बरेचसे बसूनच राहिले, दादा परत येतील म्हणून. एक बाई मला म्हणाल्या, "तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही का हो?" मला ते चांगलंच हवं होतं.

धाकटा बाहेर, ट्रकमधून माल उतरवायच्या कट्ट्यावर पाय सोडून बसला होता. मी थोडं अंतर ठेवून बसले आणि आमच्या नियमाप्रमाणे पहिल्यापासून सगळं सांगितलं. सकाळची प्रार्थना, चहा, आतलं दार. तो सुधारला तो स्वतःच्या ताकदीवर, धूर सोडल्यामुळे, हेही सांगितलं. कवच म्हणजे साधं तेल, आणि धुराला ते कळत नाही.

"तू मला कुत्रा दिलास आणि काढून घेतलास," तो म्हणाला.

"हो."

"मला अजून दिसतोय तो."

"दिसणारच. खरी आणि खोटी आठवण आतून सारखीच दिसते. म्हणून तर दादांचं दुकान चालतं."

समोरच्या रस्त्यावरून एक हातगाडी गेली. मग त्याने तो प्रश्न विचारला. तो विचारेल हे मला माहीत होतं आणि विचारू नये असं वाटत होतं.

"मग आईचा हात?"

इथे मी थांबू शकत होते. कुत्रा माझा होता, त्याचा हिशोब मी दिला होता. हात मी घातलेला नव्हता. तो त्याच्याकडे राहू दिला असता तर आम्ही दोघंही त्या खोलीत राहिलो असतो. पण हात खरा तर कुंचला खरा, आणि कुंचला खरा तर कवचही खरं; मग सोमवारी तो कशावर विश्वास ठेवून लिफ्टखाली उतरणार होता?

"पलंग खिडकीपाशी नव्हता," मी म्हणाले. "खिडकीपाशी ही मावशीची चूक आहे. तू नव्हतास तिथे. मी होते."

"एकटी?"

"एकटी."

तो रडला नाही. मी रडले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आठवणी मोजल्या, पण माझी कुणी विचारली नव्हती. धाकट्याने विचारली. "काय झालं ते सांग," म्हणाला. मी सांगितलं. निखळलेली कडी, ओढत नेलेला पलंग, बेसिनचा नळ ठिबकत होता तो, आईने पाणी मागितलं आणि दोन घोट घेऊन पुरे म्हणाली ते. हात दाबला वगैरे नाही. ती झोपली आणि मला कळायलाही वेळ लागला.

"मी कुठे होतो तेव्हा?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"मलाही नाही," तो म्हणाला. "ते आता कधीच कळणार नाही ना?"

"नाही."

आठवणदादांचं गोदाम अजून चालू आहे, गर्दी थोडी कमी झाली आहे एवढंच. कुणी दुसरा दादा दुसऱ्या गोदामात उभा राहील. म्हणून वाचकहो, एवढंच सांगते. धूर सोडलात तर डोकं बरंचसं सावरतं, त्याला वेळ लागतो, आणि त्याचं श्रेय सोडणाऱ्याचं असतं. जे हरवलं ते परत देतो असं कुणी म्हणालं, तर भारावून जायच्या आधी त्याला विचारा, तुम्हाला हे कुणी सांगितलं? आणि आपल्या मनालाही तेच विचारा, मी हे पाहिलं की ऐकलं? उत्तर दर वेळी सुखाचं नसेल, पण त्या उत्तरावर पाय ठेवून उभं राहता येतं.

धाकटा सोमवारी कामावर गेला. महिनाभर त्याला एकट्याला लिफ्टला हात लावू देणार नव्हते, आणि ते त्याने मान्य केलं. अधूनमधून त्याला धुराची आठवण येते, तेव्हा तो माझ्याकडे जेवायला येतो. परवा मावशी आली होती आणि तिच्याबरोबर तिची एक मैत्रीण. मैत्रिणीने आईबद्दल विचारलं, आणि मावशी सवयीने "खिडकीपाशी" म्हणणार, एवढ्यात धाकट्याने घास खाली ठेवला आणि बेसिनजवळच्या पलंगाचं, ठिबकणाऱ्या नळाचं, दोन घोट पाण्याचं सगळं सांगितलं. एक शब्दही चुकला नाही.

"तू होतास का रे जवळ?" मैत्रिणीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नव्हतो. ताई होती."